न आलेला आवाज

आमच्या ऑफिसात कुणाचं काही चुकलं की बाई हटकायच्या, आणि बऱ्याचदा त्या वेळी बाई ऑफिसात नसायच्याच. खाली टपरीवर चहा घेत असायच्या, नाहीतर बँकेत, नाहीतर रजा टाकून कुळगावच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडत. आवाज तेवढा ऑफिसात असायचा. "थांब जरा," एवढंच तो म्हणायचा. त्यात राग कधीच नव्हता. घाईने बाहेर पडणाऱ्या माणसाला घरातून कुणी हाक मारावी, तसा तो आवाज. त्याच्या मागे एक 'धप्प' असा ठोका ऐकू यायचा. तो खालच्या मजल्यावरच्या, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्राचा. बाईंनी आपला आवाज रेकॉर्ड केला त्या दुपारी ते यंत्र चालू होतं, आणि परत रेकॉर्ड करत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं आमची प्रत्येक चूक धप्प करून जाहीर व्हायची.

ऑफिस अंबरनाथ एमआयडीसीत, एका गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. मालक उल्हासनगरचे. सुरुवातीला तिथल्या जीन्सवाल्यांसाठी बिलं करायचं सॉफ्टवेअर त्यांनी विकलं आणि मग ओळखीओळखीने रसायनांच्या कारखान्यांत शिरले. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. शेठच्या पत्नी हजेरी आणि पगार बघायच्या, त्या मॅडम. ऑफिसात दोन मॅडम झाल्या तर घोळ होईल म्हणून शेठनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की यांना बाई म्हणायचं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या तशाही बाईच होत्या. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पायात मुलाचे जुने पांढरे स्पोर्ट शूज. एमआयडीसीच्या रस्त्यावर कुठून कुठल्या रंगाचं पाणी वाहत येईल याचा नेम नसतो, त्यामुळे ते शूज कधी गुलाबी तर कधी हिरवट दिसायचे.

आमचं सॉफ्टवेअर काय करायचं ते सांगायला हवं. या कारखान्यांत माल बॅचबॅचने, मोठ्या बंद भांड्यांत बनतो. आज किती मोठी बॅच घ्यायची ते सांगितलं की आमचं सॉफ्टवेअर हिशोब करून एक चिठ्ठी छापायचं. हे इतके किलो, ते इतकी पोती, या क्रमाने. ऑपरेटर ती चिठ्ठी बघून वजन करणार आणि ओतणार. म्हणजे आम्ही दुसऱ्या मजल्यावर बसून जे लिहायचो ते शेवटी कुणाच्या तरी हातून भांड्यात पडायचं. हे बाईंना सतत आठवत असायचं. आम्हाला ते पगाराच्या दिवशीही आठवायचं नाही.

त्या हिशोबाच्या प्रत्येक तुकड्यासाठी बाईंनी टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. टेस्ट म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला छोटा प्रश्न. बॅच दुप्पट केली तर माल दुप्पट येतो का? पाणी शून्य लिहिलं तर सॉफ्टवेअर नको म्हणतं का? भांड्यात मावणार नाही इतकं काही निघालं तर अडवतं का? असे शेकडो प्रश्न. सगळे एकदम चालवायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा, एक फोन आणि शेजारच्याशी वाद, सगळं उरकायचं. म्हणून कुणी चालवायचंच नाही. संध्याकाळी चालवू असं म्हणायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, अशी आमची पद्धत होती.

बाईंनी त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो दिवसभर कोडच्या फायलींवर नजर ठेवून बसायचा. कुणी फाईल सेव्ह केली की तो बघायचा, या फाईलवर आणखी कोण कोण अवलंबून आहे, आणि तेवढ्यांच्याच टेस्ट चालवायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम व्हायचं. सगळं बरोबर असेल तर गप्प, चुकलं असेल तर "थांब जरा". आमटीत मीठ टाकलं तर आमटी चाखायची, भात कशाला चाखायचा, असं बाईंनी शेठना समजावलं. शेठना कोडमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण आमटीचं पटलं.

मी तेव्हा बदलापूरहून नवी नवी यायला लागले होते, आणि मला माझ्या डिग्रीचा बराच अभिमान होता. दिवसभरात चार माणसांदेखत "थांब जरा, धप्प" ऐकून घेणं मला फार लागायचं. एकदा मी चिडून विचारलं, की बरोबर आलं तर शाब्बास का म्हणत नाही तुमचा आवाज? बाई म्हणाल्या, दिवसात पन्नासदा शाब्बास ऐकलं की माणूस बिघडतो. आणि बरोबर असणं ही काय सांगायची गोष्ट आहे? एक मात्र होतं. त्यांच्या स्वतःच्या कोडला तो आवाज अडवायचा तेव्हा त्या त्याला नीट उत्तर द्यायच्या. "हो, थांबले," म्हणायच्या, हात कीबोर्डवरून खरोखर उचलायच्या आणि मगच चूक शोधायला लागायच्या. आपलाच आवाज आपणच इतका मानणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. मी ज्या कंपनीत आहे तिथे हे सगळं तयार मिळतं. फाईल सेव्ह केली की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका हिरवा किंवा लाल होतो. छान आहे. पण त्या ठिपक्याला उत्तर द्यावंसं मला कधी वाटलेलं नाही.

सकाळी ऑफिसात आल्यावर लोक एकमेकांना काय म्हणतात? काय म्हणता, कसं काय, नाहीतर नुसती मान हलवतात. बाई विचारायच्या, "काय बदललं?" सगळ्यांना, रोज. 'काही नाही' असं उत्तर दिलं की त्या डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, चपला नव्या आहेत, सावकाश उतर जिन्यावरून. कोडचा जो नियम तोच त्यांनी संसारालाही लावला होता. सगळ्या जगाची काळजी करत बसायचं नाही. जे बदललं ते धरायचं, आणि त्याला चिकटलेलं काय काय आहे तेवढंच बघून घ्यायचं.

यातून वेडेपणाही पुष्कळ व्हायचा. ऑफिसातला पाण्याचा कूलर दारापासून हलवून खिडकीशी ठेवला, तर बाई आपलं काम सोडून उठल्या. प्लगची वायर कुणाच्या पायात येते का ते पाहिलं. पेल्यांचं स्टूल पोचतं का पाहिलं. मग खाली जाऊन खोकीवाल्यांना विचारून आल्या की गळलं तर पाणी तुमच्या कुठल्या मालावर पडेल. खोकीवाले बिचारे घाबरून आपला माल हलवायला लागले. कूलर नंतर कधी गळला नाही, खोकी मात्र कायमची दुसऱ्या भिंतीला गेली. नवा चष्मा घेतला तेव्हा त्यांनी सुईत दोरा ओवून पाहिला, रिक्षा स्टँडवरची पाटी वाचून पाहिली, आणि गॅलरीतून नवऱ्याला ओळखून पाहिलं. आम्हाला हे सांगताना त्या म्हणाल्या, तिन्ही टेस्ट पास, पण तिसऱ्यात जरा वेळ लागला.

हा नवरा मी एकदाच पाहिला. त्यांच्याकडे जेवायला गेले होते. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला, अगदी शांत माणूस. बाई स्वयंपाकघरात गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, रोज सकाळी विचारते हो, काय बदललं म्हणून. मी सांगतो, मी तोच आहे, फक्त गुडघा नवीन दुखतोय. मग ती माझ्या चपला बदलते, पाट काढून खुर्ची ठेवते, आणि गुडघ्याचं मात्र विसरून जाते. हे सांगताना ते हसत होते, पण तक्रार खरी होती. बाई स्वतः पूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. तो बंद पडल्यावर चाळिशीत क्लास लावून कोड शिकल्या. तपासणीची खोड आणि संसार यांची सरमिसळ बहुधा तेव्हाच झाली असावी.

मी त्यांना वेडं म्हणत होते, पण एक दिवस माझी बोलती बंद झाली. माझे वडील निवृत्त झाले. मी पेढे घेऊन ऑफिसात गेले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाईंनी पेढा हातात धरून विचारलं, "मग आता दुपारी आईचं काय?" मला कळेना. त्या म्हणाल्या, अगं, घरात दुपारी ती एकटी असायची ना इतकी वर्षं? पडायची, टीव्ही बघायची, शेजारणीला बोलवायची. तिची दुपार गेली. मी घरी जाऊन आठवडाभर पाहिलं. बाबा हॉलमध्ये पेपर पसरून बसलेले असायचे आणि आई स्वयंपाकघरात उगीचच डबे पुसत उभी असायची. ज्याचं काही बदललं तो माणूस सगळ्यांना दिसला होता. त्याच्या शेजारी उभी असलेली बाई फक्त बाईंना दिसली. मी बाबांना कुळगावच्या वाचनालयाचं सदस्य केलं, दुपारच्या वेळेचं. आईने का म्हणून विचारलं नाही, नुसता माझ्या आवडीचा शिरा केला.

एवढं सांगितल्यावर बाईंची चूक सांगायलाच हवी. त्यांना स्वतःबद्दल काही सांगायचं असतं तर त्यांनी आधी तीच सांगितली असती.

कारखान्यात येणारा कच्चा माल नेहमी सारख्या ताकदीचा नसतो. कॉस्टिक सोडा एकाकडून पातळ येतो, एकाकडून कडक. पातळ असेल तर जास्त लागणार, कडक असेल तर कमी. कुठल्या मालाची ताकद किती, याचा प्रत्येक कारखान्याचा एक तक्ता असायचा आणि आमचं सॉफ्टवेअर त्यातून आकडा उचलून हिशोब करायचं. हा तक्ता म्हणजे कोड नव्हता, नुसती माहिती. बाईंचा प्रोग्राम फक्त कोडच्या फायलींवर नजर ठेवायचा. तक्त्यांवर नाही. तसं बाईंनी मुद्दाम ठरवलं होतं. तक्ता त्यांचा, गणित आपलं, असं त्या म्हणायच्या. दुसऱ्याच्या घरात आपण डोकावू नये, असा काहीसा त्यामागचा भाव होता.

एका कारखान्याने पातळ कॉस्टिक बंद करून फ्लेक्स घ्यायला सुरुवात केली. फ्लेक्स म्हणजे पोत्यातून येणाऱ्या कोरड्या पापड्या, ताकदीला जवळजवळ दुप्पट. तक्त्यात नवा माल घालून द्या असा त्यांचा फोन आला. ग्राहकांचे फोन घेणारा आमचा एक सहकारी होता, उल्हासनगरचा, कामाला चपळ. त्याने जुनी ओळ कॉपी केली, नाव बदललं आणि सेव्ह केली. ताकदीचा आकडा बदलायचा राहिला. सॉफ्टवेअरला वाटलं, हा माल अजून पातळच आहे, आणि त्याने तसाच भरपूर माल ओतायला सांगितला.

हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. काही आठवड्यांनी आम्ही डबे उघडून बसलो असताना तोच सहकारी म्हणाला, "उस कंपनी में ॲक्सिडेंट झाला ना. बॅच उकळून बाहेर आली, हेल्परचा हात भाजला. ऑपरेटरने डबल टाकला माल. एकदा टाकून विसरला आणि परत टाकला, असं साहेब लोक बोलतात." आम्ही च् च् केलं. कुणीतरी म्हणालं, मोबाईल बघत असेल. बाईंचा घास हातातच राहिला.

"बरोबर डबल?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, हो, असंच म्हणत होते. बाईंनी हात धुतले आणि तो तक्ता उघडला. मग कागदावर हिशोब केला, तोही सावकाश, जशी एखादी गृहिणी वाण्याचं बिल ताडून बघते तसा. मी त्यांच्या मागे उभी होते. तीन पोती लागणार तिथे आमचं सॉफ्टवेअर सहा पोती सांगत होतं.

त्यांनी त्या सहकाऱ्याला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. "तू हे सेव्ह केलंस तेव्हा काय झालं?"

"काय नाय झालं, बाई. आवाजच नाय आला. म्हणून तर मी समजलो ओके आहे."

बाईंनी सगळ्या टेस्ट एकदम चालवायला लावल्या, पूर्वी आम्ही टाळायचो त्या, आणि आम्ही वाट बघत बसलो. इतक्या मालाने भांडं फार तापेल का, हे विचारणारी टेस्ट बाईंनीच कधीची लिहून ठेवलेली होती. ती तक्ता बदलला त्या क्षणी चालली असती तर तिथेच अडवलं असतं. पण तक्ता कुणी बघतच नव्हतं, म्हणून तिला कुणी उठवलंच नाही. आता ती चालली. "थांब जरा," स्पीकरमधून बाई म्हणाल्या. धप्प. समोर बसलेल्या बाईंनी या वेळी उत्तर दिलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

नंतर जिन्यात त्या मला म्हणाल्या, "बघून गप्प बसणं आणि न बघता गप्प बसणं, ऐकायला दोन्ही सारखंच येतं गं. इतकी वर्षं तुम्हाला मी शिकवलं की आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. आणि तुम्ही शिकलात."

शेठना त्यांनी लगेच सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते. त्या हेल्परसाठी त्यांना खरंच वाईट वाटलं. पण ते घाबरले. आकडा आत्ता दुरुस्त करून टाकू, म्हणाले, पुढे काही होणार नाही. कारखान्याने स्वतःच कारण शोधलेलं आहे, आपण होऊन गळ्यात दोरी कशाला घालून घ्यायची? एवढी माणसं आहेत ऑफिसात, त्यांची घरं आहेत.

"आणि तो ऑपरेटर?" बाईंनी विचारलं.

"बाई, काढला नाय त्याला. घरी बसवलाय फक्त. थोड्या दिवसांनी सगळे विसरतील."

"तो नाही विसरणार," बाई म्हणाल्या. "मी उद्या जाते तिकडे. तुम्ही या असं मी म्हणत नाही."

शेठ बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघत बसले. मग म्हणाले, जा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गाडी घेऊन खाली उभे राहिले. मलाही बाईंनी बरोबर घेतलं. सॉफ्टवेअर दाखवायला, असं कारण सांगितलं. पण मला वाटतं, त्यांना एकटीला जायचं नव्हतं.

त्याआधी, त्याच संध्याकाळी, त्यांनी आपल्या प्रोग्रामात दोन बदल केले. तक्तेही नजरेखाली घेतले. आणि टेस्ट चालून सगळं बरोबर आलं तर ऐकू येईल असा दुसरा आवाज घातला. शाब्बास नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "बघितलं." एवढा एकच शब्द. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात शांतता म्हणजे फक्त शांतता उरली, तिचा दुसरा काही अर्थ धरायची गरज राहिली नाही.

कारखान्यात मॅनेजरनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. अपघातानंतर नवा माल किती लागेल याचा हिशोब त्यांच्या माणसांनी हाताने केला होता, तीन पोती आली होती, म्हणजे चिठ्ठीवर तीनच असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मूळ चिठ्ठी कॉस्टिकने भिजून गेलेली. ते भांडं तेव्हापासून बंदच होतं, त्यामुळे कॉम्प्युटरला परत विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी जुन्या आकड्यावर तीच बॅच घालून चिठ्ठी छापायला लावली. सहा पोती. मॅनेजर लाल झाले आणि शेठना खूप बोलले. शेठनी मान खाली घालून ऐकून घेतलं. हेल्परचा उपचार कारखाना करतच होता, हात बरा होत होता. आमचं काम तिथलं गेलं, पण ते नंतर.

बाईंनी ऑपरेटरबद्दल विचारलं. मॅनेजर म्हणाले, त्याला आम्ही मागच्याच आठवड्यात परत बोलावलं होतं. चांगला माणूस आहे, जुना आहे, एकदा होते चूक. तोच येत नाही. म्हणतो, माझा मला भरवसा राहिलेला नाही. आता एचआरकडून फोन करवतो.

"फोनवर नको," बाई म्हणाल्या, आणि पत्ता मागून घेतला.

रविवारी आम्ही दोघी वांगणीला गेलो. स्टेशनपासून बरंच आत, शेतांच्या कडेला नव्याने उठलेल्या इमारतींपैकी एकीत ते राहायचे. जिना चढताना बाई एकदाच थांबल्या आणि पदराने तोंड पुसलं. मी म्हणाले, मी सांगू का? त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

दार बायकोने उघडलं. कारखान्याचं नाव घेतल्यावर तिचा चेहरा उतरला. ऑपरेटर आतून आले. पन्नाशीकडे झुकलेले, अंगापिंडाने मजबूत, पण आवाज खोल गेलेला. आम्हाला त्यांनी पलंगावर बसवलं. बायकोने पाणी आणलं, आणि नवरा आत कशाला तरी गेल्यावर बाईंना दबक्या आवाजात म्हणाली, "दाराला कुलूप लावतात आन् स्टेशनवरून माघारी येतात, लावलं का बघाया. ग्यास बंद केला का, हेच दहादा. रात्री मला उठवतात. बोलतात, मी काय काय विसरलो ते मला सांग."

ते परत आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. प्रस्तावना केली नाही. मी कोण, आमचं सॉफ्टवेअर काय करतं, तक्ता काय, आकडा कसा राहिला, माझा प्रोग्राम तिथे का बघत नव्हता. तुमची चूक नव्हती, माझी होती, असं त्या म्हणाल्या.

ऑपरेटरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाय बाई. तुम्ही चांगल्या मनाच्या, म्हणून आल्यात. पन मी दोनदा ओतलं. आधी नव्हतं आठवत. आता समदं आठवतं. पयल्यांदा ओतलं, झाकण लावलं, मंग परत पोती आणली. डोळ्यांसमोर दिसतं मला."

मी सर्द झाले. न घडलेली गोष्ट या माणसाच्या डोळ्यांसमोर दिसत होती, कारण इतक्या लोकांनी ती त्याला सांगितली होती. मग बाईंनी विचारलं, "चिठ्ठीवर किती पोती होती?"

"तीन असनार. साहेब बोलले."

"साहेब काय म्हणाले ते नाही विचारत. चिठ्ठी तुमच्या हातात होती. तुम्ही काय वाचलंत?"

ते छताकडे बघत राहिले. बायको दाराशी उभी होती. "सहा," ते म्हणाले. आणि मग जरा जोरात, "सहा होती. मी हेल्परला बोललो पन, आज सहा आन."

बाईंनी पिशवीतून कारखान्यात छापलेली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. "हीच चिठ्ठी. आमच्या कॉम्प्युटरने सहाच सांगितली होती. तुम्ही किती ओतलीत?"

"सहा."

"मग एकदाच ओतलंत तुम्ही. चिठ्ठीत होतं तेवढंच, एकदाच."

"येकदाच?"

"एकदाच."

त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. मग ते बायकोकडे वळले आणि बाईंना म्हणाले, "हिला पन सांगा."

ती तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तरी बाईंनी तिला पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द न गाळता. तक्ता, आकडा, सहा पोती, एकदाच. मग ऑपरेटर आतून आपल्या आईला हात धरून घेऊन आले. म्हातारीला कमी ऐकू यायचं. बाई तिच्याजवळ सरकून बसल्या आणि मोठ्या आवाजात परत सगळं सांगितलं, सॉफ्टवेअर म्हणजे काय इथपासून. म्हातारीने बाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

मग ऑपरेटरांनी फोन लावला. हेल्परला. स्पीकर चालू करून फोन बाईंच्या समोर धरला. बाईंनी खालून आपला हात लावला. आणि चौथ्यांदा सांगितलं. पलीकडून हेल्पर म्हणाला, "मी ह्याला तवाच बोललो होतो दवाखान्यात, तू दोनदा नाय ओतलं, मी होतो ना तिथं. पन ऐकतच नव्हता."

"आता ऐकलं," ऑपरेटर म्हणाले. "हात कसा हाय तुझा?"

"मूठ वळतीय आता. तू कधी येतो कामावर?"

"उद्या येतो," ते म्हणाले आणि फोन बंद केला. मग भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची त्यांनी ओढली आणि ते बसले. आम्ही आल्यापासून ते उभेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.